टाइपात शिरलेला आकडा

ब्रायन कर्निहॅन यांनी बेल लॅब्जमध्ये लिहिलेल्या एका अहवालावर २ एप्रिल १९८१ ही तारीख आहे. पास्कल ही आपली आवडती प्रोग्रामिंग भाषा का नाही, हेच त्याचं शीर्षक आणि हाच विषय. कर्निहॅन हे सी भाषेवरच्या गाजलेल्या पुस्तकाचे सहलेखक. त्यामुळे इथे घरच्या भाषेचा अभिमान बोलतोय असं कुणालाही वाटावं. पण अहवाल वाचताना अभिमानापेक्षा दमछाकच जास्त जाणवते. पी. जे. प्लॉगर यांच्याबरोबर त्यांनी १९७६ साली ‘सॉफ्टवेअर टूल्स’ हे पुस्तक लिहिलं होतं. त्यातले प्रोग्राम पास्कलमध्ये पुन्हा लिहून दोघांनी त्या पुस्तकाचा नवा अवतार काढला, आणि त्या कामात जिथे जिथे ठेच लागली तिथला हिशेब या अहवालात आला.

पहिली ठेच सगळ्यांत मोठी होती. पास्कलमध्ये दहा पूर्णांकांचा ॲरे हा एक टाइप आणि वीस पूर्णांकांचा ॲरे हा दुसरा. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. त्यामुळे दहा आकडे चढत्या क्रमाने लावणारं फंक्शन लिहिलं, तर त्याला वीस आकडे देता येत नाहीत. कंपायलर जागच्या जागी नाकारतो. वीससाठी वेगळं फंक्शन लिहा, तीससाठी आणखी वेगळं. आतला मजकूर मात्र अक्षरन् अक्षर तोच. स्ट्रिंगचंही तसंच: पाच अक्षरांचा शब्द एका टाइपाचा, सहा अक्षरांचा दुसऱ्या. कोणत्याही लांबीवर चालेल अशी लायब्ररी या भाषेत लिहिताच येत नाही, ही कर्निहॅन यांची मुख्य तक्रार. पुस्तकात त्यांनी वाट काढली ती अशी की सगळ्या स्ट्रिंग एकाच कमाल लांबीच्या ठरवायच्या आणि मजकूर संपेल तिथे एक खुणेची किंमत ठेवायची. टाइपात लिहिलेली लांबी मग नावापुरती राहिली. खरी लांबी कळायची ती खुणेपाशी पोचल्यावर.

तक्रार रास्तच होती. पण लांबी टाइपात घालणारा माणूस अडाणी नव्हता. निक्लाउस विर्थ यांनी झुरिचच्या ईटीएच या संस्थेत पास्कल घडवली ती १९७०च्या आसपास, सीडीसीच्या ६००० मालिकेतल्या संगणकावर. त्याआधीच्या अल्गोल ६० या भाषेत ॲरेची लांबी प्रोग्राम चालू असताना ठरवता यायची, आणि फंक्शनला ॲरे देताना लांबी सांगावीही लागत नसे. विर्थ यांनी ही मोकळीक मुद्दाम काढून टाकली. भाषा मोजकी हवी, शिकवायला सोपी हवी, आणि कंपायलर छोटा व चपळ हवा. ॲरेची लांबी टाइपातच लिहिलेली असली की किती मेमरी लागणार हे कंपायलरला आधीच ठाऊक असतं, आणि अकराव्या घटकाला हात घालणारी ओळ कधी कधी वाचतानाच पकडता येते.

या ‘अकराव्या घटकाला हात’ प्रकरणाचं महत्त्व त्या पिढीला चांगलं माहीत होतं. टोनी होर यांनी १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रिटनच्या एलियट ब्रदर्स कंपनीत एलियट ८०३ या यंत्रासाठी अल्गोलचा कंपायलर तयार केला होता. त्यात ॲरेच्या प्रत्येक वापराला अनुक्रमांक हद्दीत आहे की नाही हे तपासलं जाई. त्यात वेळ जायचा. काही वर्षांनी ग्राहकांना विचारलं गेलं की ही तपासणी बंद करायची सोय हवी का. सगळे एकमुखाने नको म्हणाले, कारण रोजच्या कामात या चुका किती होतात हे त्यांनी पाहिलं होतं. होर यांनी हा किस्सा १९८० सालच्या आपल्या ट्युरिंग व्याख्यानात सांगितला, आणि इतक्या वर्षांनंतरही भाषा रचणारे यातून काही शिकले नाहीत, असं खेदाने म्हटलं. कर्निहॅन यांचा अहवाल त्याच्या पुढच्या वर्षीचा. दोन्ही शेजारी ठेवून वाचले तर भांडण नेमकं कशावर आहे ते कळतं: लांबी तपासलीच पाहिजे हे मान्य केलं, तरी ती कुणी आणि केव्हा तपासायची?

पास्कलची चूक दाखवणारे कर्निहॅन पहिले नव्हेत. कार्नेगी मेलन विद्यापीठाचे हाबरमान यांनी १९७३ मध्येच पास्कलवर टीकालेख लिहिला होता, त्याला प्रत्युत्तरंही आली होती. पुढे आंतरराष्ट्रीय प्रमाण ठरवताना समितीने एक मधला मार्ग काढला. फंक्शनने घेतलेल्या ॲरेच्या दोन्ही हद्दींना फक्त नावं द्यायची, आणि जो ॲरे येईल त्याच्याबरोबर त्या नावांच्या किमती याव्यात. फंक्शनच्या आत त्या वाचता येतील, बदलता येणार नाहीत. १९८३च्या आयएसओ ७१८५ या प्रमाणात हा मार्ग आला, पण ‘लेव्हल १’ म्हणून, ऐच्छिक. अमेरिकेने आपल्या राष्ट्रीय प्रमाणात तो घेतलाच नाही. म्हणजे एकाच भाषेच्या दोन प्रमाण बोली झाल्या, आणि दोन्हीकडे चालणारा प्रोग्राम लिहायचा तर पुन्हा कर्निहॅन यांचीच युक्ती.

सी भाषेने हा प्रश्न सोडवला नाही, मोडीत काढला. सीमध्ये ॲरे फंक्शनला दिला की त्याचा फक्त पत्ता पोचतो. लांबी वाटेतच गळून पडते. कोणत्याही लांबीवर चालणारं फंक्शन लिहिता येतं, कारण लांबी कुणी विचारतच नाही. याची किंमत २ नोव्हेंबर १९८८ च्या रात्री इंटरनेटने मोजली. कॉर्नेल विद्यापीठातल्या एका विद्यार्थ्याने सोडलेला प्रोग्राम हजारो संगणकांवर पसरला. त्याच्या पसरण्याच्या अनेक वाटांपैकी एक होती ‘फिंगर’ ही सेवा. त्या सेवेच्या प्रोग्रामात येणारा मजकूर ठेवायला ५१२ बाइटांची जागा होती आणि मजकूर वाचणारं फंक्शन जागा किती आहे हे विचारत नव्हतं. हल्लेखोर प्रोग्रामने ५३६ बाइट पाठवले. वरचे २४ बाइट शेजारच्या मेमरीत सांडले, आणि त्यांनी प्रोग्रामचा परतीचा पत्ता बदलला. पास्कलच्या टाइपांनी ही ओळ चालू दिली नसती. कर्निहॅन यांची तक्रार मला आजही पटते. सीचं उत्तर मात्र त्या तक्रारीपेक्षा महाग पडलं.

तिसरा एक मार्ग होता. लांबी टाइपात राहू द्यायची, पण आकड्याच्या जागी अक्षर लिहायचं: ‘एन पूर्णांकांचा ॲरे’. हा एन म्हणजे जेनेरिक कॉन्स्टंट. तो चालता चालता बदलणार नाही, पण फंक्शन लिहिलं जातं त्या क्षणी त्याची किंमत कुणालाच माहीत नसते. सही केलेल्या कोऱ्या चेकसारखं आहे हे. रकमेची जागा आहे, रक्कम नाही, आणि कंपायलरला मात्र तो वटेल की नाही ते आत्ताच सांगायचं आहे. एमआयटीत बार्बरा लिस्कोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७०च्या दशकात घडवलेल्या क्लू भाषेत अशी सोय आली: मोड्यूलला टाइपाबरोबरच पूर्णांकासारखी साधी किंमतही देता येई. अट एकच, की वापरणाऱ्याने दिलेली किंमत कंपाइल होतानाच ठरलेली असावी.

मोठ्या प्रमाणावर या कल्पनेशी झुंजली ती ॲडा. अमेरिकेच्या संरक्षण खात्याला शेकडो भाषांचा पसारा आवरून एकच भाषा हवी होती. १९७५ पासून गरजांची यादी एकेका मसुद्यातून घट्ट होत गेली, आणि मसुद्यांची नावंही तशीच: आधी स्ट्रॉमॅन, मग वुडनमॅन, टिनमॅन, आयर्नमॅन, आणि १९७८ मध्ये स्टीलमॅन. स्पर्धेतल्या चार गटांची ओळख पक्षपात नको म्हणून रंगांनी ठेवली होती. मे १९७९ मध्ये ‘हिरवा’ जिंकला, म्हणजे फ्रान्समधल्या सीआयआय हनीवेल बुल कंपनीचा जाँ इश्बिया यांचा गट. भाषेला नाव मिळालं ॲडा लव्हलेस यांचं, आणि लष्करी प्रमाणाला क्रमांक १८१५, हे त्यांचं जन्मवर्ष. सरकारी कामात एवढी हौस क्वचित दिसते.

इश्बिया यांच्या गटाने घेतलेला निर्णय पुढच्या सगळ्या इतिहासाला पुरला. जेनेरिक पॅकेज एकदाच, स्वतंत्रपणे तपासायचं. लिहिणाऱ्याने वरच्या बाजूला जाहीर केलं की मला एक टाइप हवा आणि ‘आकार’ नावाचा एक धन पूर्णांक हवा. तेवढ्याच माहितीवर आतली प्रत्येक ओळ कंपायलरने पारखायची. पारखलेलं पॅकेज मग कुणीही, कोणत्याही आकारासाठी वापरावं. जाहीर केलेल्या अटी पाळल्या असतील तर आतून चुकीचा संदेश येणार नाही. याला तिथले लोक करार म्हणत. कराराचा फायदा उघड आहे: चूक लायब्ररी लिहिणाऱ्याची असेल तर त्यालाच कळते, ती वापरणाऱ्या बिचाऱ्याच्या गळ्यात पडत नाही.

पण आकड्याचं काय? दोन ॲरे दिले, एक आकार लांबीचा आणि एक आकार अधिक एक लांबीचा, आणि पहिला दुसऱ्यात ओतला, तर? ॲडाने इथे मोठ्या चलाखीने माघार घेतली. ॲडात लांबी टाइपात नसते, सबटाइपात असते. दहाचा ॲरे आणि वीसचा ॲरे एकाच टाइपाचे. हद्दी ही वरून घातलेली मर्यादा. टाइप कंपायलर तपासतो, मर्यादा प्रोग्राम चालताना तपासली जाते, आणि मोडली तर ‘कन्स्ट्रेंट एरर’ उठतो. शिवाय जेनेरिकच्या आत ‘आकार’ हा कॉन्स्टंट असला तरी त्याची किंमत आधीच ठाऊक असल्याचं गृहीत धरता येत नाही, असा नियमच केला. म्हणजे कर्निहॅन यांची तक्रारही मिटली आणि होर यांच्या ग्राहकांचंही समाधान झालं. राहिलं ते इतकंच, की चूक कळायची ती प्रोग्राम धावायला लागल्यावर. ती उठल्यावर पुढे काय करायचं याचा विचार कुणी केला नसेल, तर तपासणी असून उपयोग शून्य. ४ जून १९९६ ला एरियान ५ हे रॉकेट उड्डाणानंतर मिनिटभराच्या आत फुटलं. ॲडात लिहिलेल्या त्याच्या प्रोग्रामात एक मोठी किंमत १६ बिटांच्या पूर्णांकात मावली नाही, चूक पकडली गेली, आणि ती हाताळायला कुणी नसल्याने दिशा सांगणारी यंत्रणाच बंद पडली.

ब्यार्ने स्ट्रॉस्ट्रप यांनी उलट दिशा धरली. सी++ साठी टेम्प्लेटची कल्पना त्यांनी १९८८ मध्ये डेन्व्हरच्या परिषदेत मांडली, १९९१ च्या आवृत्तीत ती लोकांच्या हाती आली. टेम्प्लेटला टाइप देता येतो तसा आकडाही देता येतो: ‘बफर’ लिहा, त्याचा टाइप आणि लांबी वापरणारा ठरवेल. फरक तपासणीच्या वेळेत होता. करार वगैरे काही नाही. टेम्प्लेट लिहिताना कंपायलर व्याकरणापलीकडे फारसं बघत नाही. वापरणाऱ्याने एनची किंमत ५१२ दिली की कंपायलर सगळीकडे ५१२ घालून पूर्ण मजकूर नव्याने तयार करतो आणि मग तपासतो. तोवर अज्ञात काही उरलेलंच नसतं. एन अधिक एक म्हणजे ५१३, एक अधिक एन म्हणजेही ५१३, वाद कसला?

ही पद्धत किती ताकदवान आहे हे तिच्या कर्त्यांनाही ठाऊक नव्हतं. १९९४ मध्ये सॅन डिएगोत सी++ च्या प्रमाण समितीची बैठक भरली होती. तिथे जर्मनीच्या एर्विन उनरू यांनी सहकाऱ्यांना एक छोटा प्रोग्राम दाखवला. तो कंपाइल होत नव्हता, आणि व्हावा अशी इच्छाही नव्हती. कंपायलरने चुकांचे संदेश छापले आणि त्या संदेशांत एकापाठोपाठ एक आकडे दिसू लागले: २, ३, ५, ७, ११, १३... कंपायलर चुका सांगता सांगता मूळसंख्या शोधत होता. टेम्प्लेटला दिलेला आकडा एकेकाने कमी करत स्वतःलाच पुन्हा बोलवायचं, भाग जातो का ते बघायचं, आणि मूळसंख्या असेल तेव्हाच मुद्दाम टाइपाची चूक करायची, अशी ती रचना. सोयीसाठी टाइपात घातलेल्या आकड्यांतून भाषेच्या आत दुसरी एक भाषा तयार झाली होती, जी प्रोग्राम चालण्याआधीच चालते. टॉड वेल्डह्युझेन यांनी पुढच्याच वर्षी लेख लिहून या युक्तीला शास्त्राचं रूप दिलं.

या उशिराच्या तपासणीचं ओझं सामान्य प्रोग्रामरने वाहिलं. लायब्ररीतली चूक वापरणाऱ्याच्या अंगावर कोसळायची, पानंच्या पानं भरतील एवढ्या लांब संदेशांतून. ॲडासारखा करार सी++ मध्ये आणायचा प्रयत्न अनेक वर्षं चालला. जुलै २००९ मध्ये फ्रँकफर्टच्या बैठकीत तो प्रस्ताव प्रमाणातून बाहेर काढला गेला. त्याचा हलका अवतार आला तो थेट सी++ २० मध्ये, आणि त्यातही टेम्प्लेटचा आतला मजकूर कराराशी ताडून पाहिला जात नाही.

एनची किंमत येईपर्यंत थांबायचं म्हटलं, तरी प्रश्न पूर्ण टळत नाही. एकाच नावाची दोन टेम्प्लेट फंक्शनं जाहीर केली, एकात ‘आय अधिक दहा’ लांबी आणि दुसऱ्यात ‘आय अधिक एक अधिक दोन अधिक तीन अधिक चार’, तर ही एकाच फंक्शनची दोनदा केलेली घोषणा की दोन वेगळी फंक्शनं? शाळेतली मुलगी सांगेल की एकच. सी++ चं प्रमाण हेच उदाहरण घेऊन सांगतं की असा प्रोग्राम चुकीचा आहे, पण तो चुकीचा आहे हे सांगण्याचं बंधन कंपायलरवर नाही. शेकडो पानांच्या त्या दस्तऐवजात इतकी हताश आणि इतकी प्रामाणिक जागा मला दुसरी आढळलेली नाही. समितीला बेरीज येत नव्हती असं नव्हे. अज्ञात अक्षरं असलेली दोन पदं समान आहेत की नाहीत हे कंपायलरने ठरवायचं म्हटलं, तर तो किती गणित करणार याला रेघ कुठे मारायची, हे त्यांना ठरवता आलं नाही.

ती रेघ खरं तर गणितात कधीचीच मारलेली होती. १९२९ साली वॉर्सात मोय्झेश प्रेसबुर्गर या तरुण विद्यार्थ्याने, अल्फ्रेड टार्स्की यांच्या हाताखाली काम करताना, दाखवून दिलं की पूर्णांकांबद्दलच्या विधानांत फक्त बेरीज आणि लहानमोठेपणाची तुलना असेल, तर विधान खरं की खोटं हे ठरवणारी यांत्रिक रीत आहे. ती नेहमी उत्तर देते. प्रेसबुर्गर पुढे विमा क्षेत्रात नोकरीला लागला, आणि पोलिश ज्यूंच्या संहारात १९४३च्या सुमारास त्याचा अंत झाला. त्याची रीत १९५४ मध्ये मार्टिन डेव्हिस यांनी प्रिन्स्टनमधल्या एका संगणकावर चढवली. तिचा मोठा विजय म्हणजे दोन सम संख्यांची बेरीज सम असते हे यंत्राने सिद्ध केलं, असं डेव्हिस स्वतःच थट्टेने सांगत. गुणाकार आत घेतला, दोन अज्ञातांचा, की सगळं बदलतं. त्या बाजूचं काम डेव्हिस, हिलरी पुटनम आणि ज्युलिया रॉबिन्सन यांनी जवळजवळ तडीस नेलं होतं. १९७० मध्ये लेनिनग्राडच्या बावीस वर्षांच्या युरी मातियासेविच यांनी शेवटचा दुवा जोडला. अशा समीकरणांना पूर्णांकांत उत्तर आहे की नाही हे नेहमी सांगू शकेल अशी रीत असूच शकत नाही.

कंपायलरवाल्यांनी हे गणित मनावर घेतलं ते उशिरा. १९९८ मध्ये कार्नेगी मेलनच्या होंगवेई शी आणि फ्रँक फेनिंग यांनी एमएल भाषेची एक आवृत्ती मांडली. तिच्यात ॲरेची लांबी टाइपात आहे, लांबीच्या जागी अक्षर चालतं, अक्षरांची बेरीज-वजाबाकी चालते, तुलना चालते; अज्ञाताला अज्ञाताने गुणणं मात्र तपासनिसाकडे जात नाही. रेघ बरोबर प्रेसबुर्गरच्या बाजूला मारली होती. त्यांचं एक उदाहरण क्रमवार ॲरेत शोध घेण्याचं आहे. खालची हद्द, वरची हद्द, त्यांचा मध्य. मध्य दोघांच्या अधेमधेच असणार, म्हणजे ॲरेच्या आतच असणार, हे कंपायलर लांबी न कळताही सिद्ध करतो. सिद्ध झालं की चालताना करायची हद्दीची तपासणी काढून टाकता येते, आणि प्रोग्राम वेगवान होतो. होर यांच्या ग्राहकांना जी तपासणी हवी होती ती झाली, आणि तिचा वेळही वाचला. नेमकं त्याच वर्षी लेनार्ट ऑगस्टसन यांनी स्वीडनमधून केयेन ही भाषा मांडली. तिने रेघच मारली नाही: टाइपात वाटेल ती आकडेमोड करा. परिणामी तिचा टाइप-तपासनीस कधी संपेलच अशी हमी नाही. ठराविक पायऱ्यांनंतर तो थकून हात वर करतो. या दोन भाषा फार कुणी वापरल्या नाहीत, पण निवड किती टोकाची असू शकते हे त्यांनी मोजून दाखवलं.

रस्ट भाषेची १.० आवृत्ती १५ मे २०१५ ला आली तेव्हा तिच्यात लांबी टाइपात होती, पास्कलसारखीच, आणि लांबीच्या जागी अक्षर लिहायची सोय नव्हती. मग ‘कोणत्याही लांबीचे दोन ॲरे समान आहेत का’ हे साधं काम लायब्ररीत कसं लिहिलं? शून्य लांबीसाठी एकदा, एकसाठी एकदा, दोनसाठी एकदा, असं करत ३२ पर्यंत. हाताने नव्हे, मॅक्रोने छापून. पण छापलं तेच. ३३ घटकांचे दोन ॲरे घेऊन तुलना केली की कंपायलर नकार द्यायचा. रस्टच्या कागदपत्रांत आपल्याला ३३ वेळा तोच मजकूर दिसायचा, आणि कर्निहॅन यांची १९८१ मधली तक्रार शब्दशः लागू पडायची.

२०१७ मध्ये प्रस्ताव क्रमांक २००० मंजूर झाला: टाइपात अक्षर-लांबी घ्यायची. पण रस्टने ॲडासारखा कराराचा मार्ग आधीच पत्करलेला. जेनेरिक मजकूर एकदाच, स्वतंत्रपणे तपासायचा. सी++ सारखं किंमत येईपर्यंत थांबायचं नाही. त्यामुळे ‘एन अधिक एक’ लिहायला परवानगी दिली की ‘एक अधिक एन’चा प्रश्न दारात उभा. त्याहून वाईट म्हणजे ‘एन वजा एक’. एन शून्य असेल तर ही वजाबाकीच होत नाही, कारण लांबी ऋण नसते. म्हणजे टाइप समान आहेत का हे बघण्याआधी टाइप अस्तित्वात तरी आहे का, हेच कळत नाही. चार वर्षं घासाघीस झाली. आधी, ऑक्टोबर २०२० च्या १.४७ आवृत्तीत, भाषेने ही सोय फक्त स्वतःच्या लायब्ररीला वापरू दिली आणि ३२ ची मर्यादा बहुतेक ठिकाणी उठली. मग २५ मार्च २०२१ ला १.५१ आवृत्तीत ती सगळ्यांना मिळाली, अगदी काटछाट करून. लांबीच्या जागी नुसता ‘एन’ चालेल किंवा नुसता आकडा चालेल. एनवर कसलीही आकडेमोड केलेली चालणार नाही. दोन टाइप समान आहेत का हे ठरवायला मग दोन अक्षरं तीच आहेत का एवढंच बघायचं. प्रेसबुर्गरने मोकळं करून दिलेलं अंगणही रस्टने पूर्ण वापरलेलं नाही. आकडेमोडीची सोय प्रयोग म्हणून वेगळी ठेवली, आणि ती स्थिर भाषेत आलेली नाही.

लोकांनी अर्थात वाट काढलीच. जून २०२४ च्या १.७९ आवृत्तीपासून फंक्शनच्या आत ‘एन शून्याहून मोठा असलाच पाहिजे’ अशी कंपाइल होताना तपासली जाणारी अट सहज लिहिता येते. ही अट करारात दिसत नाही. ती तपासली जाते एनची किंमत कळल्यावर, आणि मोडली तर संदेश जातो वापरणाऱ्याकडे. सी++ ला समोरच्या दारातून नाकारलं, ते मागच्या दाराने घरात आलं. मला यात दांभिकपणा वाटत नाही. काही अटी अज्ञातावर सिद्ध होत नाहीत आणि तरी त्या पाळल्या जायला हव्या असतात. अशा वेळी उशिरा तपासणं हे न तपासण्यापेक्षा केव्हाही चांगलं, फक्त ते करारात लिहिता आलं असतं तर आणखी बरं झालं असतं.

३२ ची मर्यादा ‘बहुतेक ठिकाणी’ उठली असं वर म्हटलं, कारण एका ठिकाणी ती अडून बसली. रस्टमध्ये कोणत्याही टाइपाची ‘नेहमीची’ सुरुवातीची किंमत मागायची सोय आहे. पूर्णांकाची शून्य, स्ट्रिंगची रिकामी. ॲरेची हवी असेल तर प्रत्येक घटकाची हवी, म्हणून घटकांच्या टाइपालाही तशी किंमत असली पाहिजे, अशी अट आहे. शून्य लांबीच्या ॲरेला मात्र घटकच नाहीत, तेव्हा त्याला ती अट २०१५ पासूनच नाही, आणि त्या सवलतीवर लोकांचे प्रोग्राम उभे आहेत. आता नियम दोन लिहायचे: शून्यासाठी अटीविना, बाकी सर्व एनसाठी अटीसह. पण ‘बाकी सर्व एन’ म्हणजे ‘एन शून्य नाही’, आणि करारात तेवढंसुद्धा सांगायला भाषेकडे शब्द नाही. कंपायलरच्या दृष्टीने दोन्ही नियम शून्यावर एकमेकांना छेदतात, म्हणून तो दोन्ही एकत्र स्वीकारत नाही. परिणामी या एका कामासाठी जुनी यादी तशीच आहे, शून्यापासून ३२ पर्यंत मॅक्रोने छापलेली.